अचल ईश्वर आणि चमत्काराची हमी

चंगाई सभांच्या जाहिरातींवर शास्त्रातील एक आधार पुष्कळदा छापलेला असतो : इब्री लोकांस पत्र, अध्याय १३, वचन ८. ख्रिस्ताच्या ठायी काळानुसार पालट होत नाही, हा त्या वचनाचा आशय. त्यावरून उपदेशक जो निष्कर्ष काढतात तो असा : देव बदलत नाही, त्याने पूर्वी आंधळ्यांस दृष्टी दिली, पांगळ्यांस चालविले, म्हणून आजच्या सभेतही तो तेच करील. आणि न केले तर? देव तर बदलू शकत नाही. मग उणीव राहिली ती रोग्याच्या विश्वासात! या शेवटच्या पायरीविरुद्ध आमचा हा लेख आहे. चमत्कार घडतच नाहीत, असे प्रतिपादन आम्हांस करावयाचे नाही. परंतु ईश्वराच्या अचलत्वातून चमत्काराची हमी निघते, हे म्हणणे शास्त्रास धरून नाही, तर्कासही धरून नाही. आणि त्याची किंमत मोजावी लागते ती गरीब रोग्यास.

प्रथम तर्क पाहू. याच अचलत्वाच्या सिद्धान्तावरून स्पिनोझाने १६७० साली नेमका उलटा निष्कर्ष काढला. निसर्गाचे नियम हीच ईश्वराची इच्छा. ती बदलत नाही. तेव्हा नियमभंग करणारा चमत्कार अशक्य, असे त्याचे म्हणणे. एकाच विधानातून एक म्हणतो चमत्कार झालाच पाहिजे, दुसरा म्हणतो होताच कामा नये. अशा वेळी त्या विधानाचा अर्थच कोठेतरी विपरीत घेतला गेला आहे, हे उघड आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने हा गुंता सोडवून ठेवला होता. इच्छा बदलणे निराळे, आणि बदल घडावा अशी इच्छा असणे निराळे. एकच वैद्य आज लंघन सांगतो व परवा पेज देतो. म्हणून वैद्य बदलला असे कोणी म्हणत नाही. त्याचा हेतू एकच असतो, रोगी बरा व्हावा. मलाखीच्या तिसऱ्या अध्यायात देव आपल्या अचलत्वाची ग्वाही देतो, तीही याच अर्थाने. आपण बदलत नाही म्हणूनच याकोबाची लेकरे नाश पावली नाहीत, असे तो सांगतो. तेथे विषय आहे तो वचननिष्ठेचा आणि दयेचा. एकच कृती पुन्हापुन्हा करून दाखविण्याचा नव्हे.

आता शास्त्र पाहू. अरण्यात चाळीस वर्षे मान्ना मिळाला आणि कनान देशाचे धान्य खाताच तो बंद झाला, असे यहोशवाच्या पाचव्या अध्यायात आहे. त्या दिवशी देव बदलला काय? बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने एकही चमत्कार केला नाही, हे योहानाच्या शुभवर्तमानात लोकच बोलून दाखवितात. पौलाच्या देहातील शूल तीनदा विनविल्यावरही निघाला नाही. त्याच पौलाने त्रफिमास मिलेतात आजारी ठेवून पुढला प्रवास केला, आणि तीमथ्यास पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला दिला. चंगाई सभेतील न्याय लावावयाचा तर पौल, त्रफिम व तीमथ्य हे तिघेही अविश्वासी ठरतात! आणि खुद्द प्रभूने चिन्ह मागणाऱ्या परुश्यांस ते साफ नाकारले. मंदिराच्या शिखरावरून उडी टाकून पाहा, असे सुचविणारा कोण होता, हे वाचकांस सांगावयास नकोच.

तथापि दुसऱ्या टोकाचे मतही आम्हांस मान्य नाही. प्रेषितांबरोबर चमत्कारांचे युग संपले, असे अमेरिकन पंडित वॉरफिल्डने १९१८ साली मांडले. परंतु ईश्वरास वेळापत्रक बांधून देणे आणि त्याच्या दारास कुलूप लावणे, ही दोन्ही एकाच जातीची धिटाई होय. संत ऑगस्टीन पूर्वी चमत्कार मागे पडले असे म्हणत असे; उत्तरायुष्यात त्याने ते मत मुरड घालून मांडले. पण कसे? हिप्पो येथे बऱ्या झालेल्यांच्या लेखी हकीगती घेऊन त्या मंडळीपुढे वाचावयास लावल्या. श्रद्धेबरोबर साक्षीचा आग्रह धरावा, हा त्याचा धडा आहे. लुर्द येथे १८५८ पासून लोटलेल्या यात्रेकरूंपैकी हजारोंनी आपण बरे झाल्याचे सांगितले. पण २०१८ साली मान्य झालेला चमत्कार हा केवळ ७०वा होता.

आमच्या कोकणी वाचकांस जवळचे उदाहरण म्हणजे संत जुझे वाझ. बाणावलीस १६५१ साली जन्मलेला हा धर्मगुरू आधी कानडा किनाऱ्यावर व पुढे सिलोनात राबला. कँडीच्या अवर्षणात त्याच्या प्रार्थनेने पाऊस पडला, ही कथा सर्वांस ठाऊक असते. त्यानंतर १६९७ साली तेथे देवीची साथ आली, तेव्हा त्याने टाकलेल्या रोग्यांची शुश्रूषा केली, मृतांस मूठमाती दिली. ही हकीगत मात्र फारसे कोणी सांगत नाही. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यास संतपद दिले, ते नेहमी लागणाऱ्या दुसऱ्या चमत्काराची अट बाजूस ठेवून. चमत्कारावाचून संत होता येते. सेवेवाचून होता येत नाही.

आमच्या सीमाभागाचा वारसाही हेच सांगतो. बाबा पदमनजी १८३१ साली बेळगावात जन्मले आणि १८५४ साली बेळगावातच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो निर्णय वाचन, वाद व दीर्घ मनोमंथन यांतून झाला. ‘अरुणोदय’ या त्यांच्या आत्मचरित्राचा जीवच ते मंथन आहे. मिरजेस डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली इस्पितळ उघडले. प्रार्थना आणि शस्त्रक्रिया यांत त्यांस विरोध दिसला नाही. त्याच भागातल्या रोग्याच्या हातातली गोळी आज ख्रिस्ताच्या नावाने काढून घ्यावयाची काय?

हा प्रश्न शाब्दिक नव्हे. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत राबणारी, घरी विड्या वळणारी स्त्री वर्षानुवर्षे धुरळा छातीत घेते. तिला क्षय झाला तर औषध निदान सहा महिने चुकविता येत नाही. बरे वाटले म्हणून मध्येच सोडले तर रोग औषधास दाद देईनासा होतो. सभेत तिला क्षणभर हुशारी वाटली, आणि ‘बरी झालीस’ असे व्यासपीठावरून जाहीर झाले, तर पुढल्या महिन्यात तिच्या खोकल्यास उत्तर कोण देणार? महाराष्ट्राच्या २०१३ च्या व कर्नाटकाच्या २०१७ च्या कायद्यांनी सर्पदंशावरचा उपचार रोखणे गुन्हा ठरविले. परंतु ‘तुझा विश्वासच कमी’ हा जो दंश आहे, त्यावर कोणताही कायदा चालत नाही. तो मंडळीनेच थांबविला पाहिजे.

कोणी म्हणतील, ही वेळ घरचे उणे बोलण्याची नव्हे. धर्मांतरविषयक विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये याच बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात विधानसभेने संमत केले. विरोधकांच्या हाती कोलीत कशास द्यावे? आमचे उत्तर असे की, कोलीत देतो तो खोटी हमी देणारा. ती खोटी आहे असे सांगणारा नव्हे. शिवाय सत्य बोलण्यास मुहूर्त पाहणाऱ्या मंडळीस अचल देवाचे नाव घेण्याचा अधिकार काय?

म्हणून आमची मागणी मोजकी आहे. प्रभूने कुष्ठरोग्यास बरे केले व लगेच याजकाकडे जाऊन दाखविण्याची आज्ञा दिली, असे मार्काच्या पहिल्या अध्यायात आहे. त्या काळी रोगमुक्तीचा निर्वाळा याजक देत असे. आज तो डॉक्टर देतो. तेव्हा प्रत्येक पाळकाने व धर्मगुरूने निर्वाळा आल्याखेरीज कोणासही बरा झाला म्हणून जाहीर करू नये, औषध सोडण्यास सांगू नये, आणि जो बरा झाला नाही त्याच्या माथी अविश्वासाचा दोष मारू नये. देवाने बरे केले असेल तर तपासणीने ते नाहीसे होणार नाही. आणि रोग तसाच राहिला तरी रोग्याजवळून न हलणारी मंडळी हीच त्या न बदलणाऱ्या देवाची या गावातली साक्ष होय.