श्वासाचे मशीन दुकानदाराने का ठरवायचे?

घोरणारा माणूस गाढ झोपतो, हा आपल्याकडचा जुना गैरसमज आहे. घोरता घोरता ज्याचा श्वास थांबतो आणि जो गुदमरून दचकतो, त्याला रात्रभर खरी झोप मिळालेलीच नसते. सकाळी डोके जड, दिवसा पेंग, गोळ्या घेऊनही न उतरणारे बीपी ही त्याची लक्षणे. रिक्षाचालकाला, रात्रपाळीच्या वॉचमनला डुलकी लागली की लोक त्याला आळशी म्हणतात. तो आळस नसून स्लीप ॲप्निया हा आजारही असू शकतो.

या आजारावरचे सीपॅप मशीन ऑक्सिजन देत नाही. ते साधी हवाच दाबाने नाकातून सोडते आणि झोपेत घशाची वाट बंद होऊ देत नाही. ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली हा उपचार जगापुढे मांडला. चाळीस वर्षे उलटली, तरी आपल्या वस्तीतला माणूस या मशीनचे नाव पहिल्यांदा ऐकतो ते बहुधा विक्रेत्याच्या तोंडून.

वॉर्डात आणि आता वस्तीत काम करताना आम्ही पाहतो, की दागिना गहाण ठेवून आणलेले मशीन महिन्याभरात माळ्यावर जाते. म्हणून आमचे म्हणणे असे, की मशीन किती भारी आहे हे नंतर पाहा. ते रोज रात्री तोंडावर टिकेल का, हे आधी पाहा.

झोपेची तपासणी म्हणजे स्लीप स्टडी झाल्याशिवाय मशीन घेऊ नका. तासाला सरासरी किती वेळा श्वास थांबतो किंवा मंदावतो, हे तिच्यात कळते. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र. साधे सीपॅप एकाच दाबाने चालते, ऑटो सीपॅप गरजेप्रमाणे दाब कमीजास्त करते. बायपॅप श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देते. ते महागही असते आणि प्रत्येकाला लागत नाही. बायपॅपच का, हे डॉक्टरांना विचारा आणि दाबाचा आकडा चिठ्ठीवर लिहून घ्या.

मशीन टिकते की नाही, ते बरेचदा मास्कवर ठरते. तोंड उघडे ठेवून झोपणाऱ्याला नुसता नाकाचा मास्क पुरत नाही. मास्क सैल राहिला तर हवा डोळ्यांत जाते, जास्त आवळला तर नाकावर जखम होते. म्हणून आडवे होऊन, मशीन चालू करून मास्क लावून पाहा. शक्य असेल तर आधी महिनाभर भाड्याने घ्या. बहुतेक नव्या मशीनमध्ये किती तास वापर झाला, हवा किती गळली, याची नोंद राहते. ती डॉक्टरांना दाखवा. रात्री निदान चार तास तरी वापर झाला पाहिजे. पूर्ण झोपभर झाला तर उत्तम.

जुने मशीन स्वस्त मिळते म्हणून उचलू नका. जून २०२१ मध्ये फिलिप्सने आपली लाखो मशीन परत मागवली, कारण आतला फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याचा धोका होता. मशीनचा नंबर तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. फिल्टर, नळी आणि मास्कचा पुढचा खर्च, दुरुस्ती कुठे होईल आणि वीज गेल्यावर काय करायचे, हेही आधीच विचारा.

एवढे विचारूनही खिसा रिकामाच असेल, तर प्रश्न एकट्या रुग्णाचा राहत नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला सीजीएचएस योजनेतून या मशीनचे पैसे ठराविक मर्यादेपर्यंत परत मिळतात. मग कंत्राटी सफाई कामगाराचा आणि ट्रकचालकाचा श्वास स्वस्त आहे का? तपासणी आणि मशीन दोन्ही सरकारी रुग्णालयातून मिळाली पाहिजेत, भाड्याने का होईना. ही मागणी कामगार संघटनांनी लावून धरावी.

तोवर एक काम आपल्या हातात आहे. विहारातल्या आरोग्य शिबिरात बीपी आणि साखर तपासतो, तिथेच आणखी एक प्रश्न विचारू या: रात्री घोरताना श्वास थांबतो का? उत्तर रुग्णाला ठाऊक नसते. ते त्याच्याशेजारी झोपणाऱ्या माणसाला विचारा.