विश्लेषण : बारावी पास, तरी पहिल्या वर्षाला केटी; महाविद्यालयांनी प्रवेशानंतर चाचणी घ्यावी का?

बारावीचा निकाल अलीकडच्या वर्षांत नव्वदीच्या आसपास किंवा पुढे असतो. तरीही पदवीच्या पहिल्या सत्राचा निकाल लागला की ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या महाविद्यालयांत केटीच्या फॉर्मसाठी रांगा लागतात. शाळेने ‘पास’ म्हटलेला विद्यार्थी महाविद्यालयात कशामुळे अडखळतो? प्रवेशानंतर त्याची तयारी तपासणारी चाचणी घ्यावी का? आणि चाचणीत तो कच्चा निघाला, तर पुढे काय?

बारावीच्या निकालातून काय कळते?

राज्य मंडळाचा बारावीचा निकाल २०२४ मध्ये ९३.३७ टक्के आणि २०२५ मध्ये ९१.८८ टक्के लागला. ठाणे जिल्हा ज्या मुंबई विभागात येतो, त्याचा निकाल या दोन वर्षांत अनुक्रमे ९१.९५ आणि ९२.९३ टक्के होता. करोनाकाळात, २०२१ मध्ये परीक्षाच झाली नाही. अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लावला गेला आणि तो ९९.६३ टक्के लागला.

विद्यार्थ्याने बारावीची किमान अट पूर्ण केली, एवढे या आकड्यांतून कळते. त्याने निवडलेल्या पदवीला जे यावे लागते ते त्याला येते का, हे त्यातून कळत नाही. बारावीत उत्तीर्ण व्हायला ३५ टक्के गुण लागतात आणि त्यात कनिष्ठ महाविद्यालयाने दिलेले अंतर्गत गुणही असतात. मुंबई विद्यापीठाच्या पदवी परीक्षेत ४० टक्के लागतात. पण फरक केवळ या पाच टक्क्यांचा नाही.

वाणिज्य शाखेतील गणिताची दरी

एक उदाहरण ठाणे-कल्याण पट्ट्यातील हजारो घरांना ओळखीचे असेल. अकरावी-बारावी वाणिज्यला गणित सक्तीचे नाही. त्याऐवजी सेक्रेटेरियल प्रॅक्टिस, म्हणजे एस.पी. घेता येते. दहावीत गणिताने घाम फोडलेले अनेक विद्यार्थी हा पर्याय आनंदाने घेतात. त्यात गैर काही नाही. नियमच तसा आहे.

मात्र मुंबई विद्यापीठाच्या एफवायबीकॉमला अनेक वर्षे ‘मॅथेमॅटिकल अँड स्टॅटिस्टिकल टेक्निक्स’ हा विषय सक्तीचा होता. त्यात शेअर आणि म्युच्युअल फंडाची गणिते, क्रमचय-संचय, संभाव्यता, दुसऱ्या सत्रात डेरिव्हेटिव्ह, व्याज आणि अ‍ॅन्युइटी असा ऐवज असे. म्हणजे दोन वर्षे गणिताचे पुस्तक न उघडलेला विद्यार्थी आणि बारावीला गणितात नव्वद गुण मिळवलेला विद्यार्थी एकाच बाकावर बसून तोच धडा ऐकत. प्रवेश देताना महाविद्यालय एकूण टक्केवारी पाहते. बारावीला गणित होते की एस.पी., याने वर्गातील शिकवण्यात सहसा काही फरक पडत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर विषयांची नावे आणि त्यांच्या जागा बदलल्या. तरी व्याज, टक्केवारी, सरासरी, आलेख यांच्याशिवाय वाणिज्य शाखा चालत नाही. विज्ञान शाखेत हीच दरी बारावीला गणिताऐवजी जीवशास्त्राकडे वळलेल्यांची असते. मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी ती इंग्रजीची असते. कला आणि वाणिज्यच्या अनेक विषयांत उत्तरे मराठीत लिहिण्याची मुभा आहे, पण वर्गातले बोलणे, नोट्स आणि संदर्भपुस्तके बहुतेक इंग्रजीत असतात.

ही अडचण किती खोल आहे?

‘असर’च्या २०२३ च्या अहवालात १४ ते १८ वयोगटातील ग्रामीण मुलामुलींची पाहणी झाली. २६ राज्यांतील २८ जिल्ह्यांतल्या या पाहणीत सुमारे चौथाई मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर आपल्या भाषेत अस्खलित वाचू शकली नाहीत. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे जेमतेम ४३ टक्के मुलांना जमले. ही पाहणी ठाणे किंवा डोंबिवलीची नाही, त्यामुळे हे आकडे इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत. तरी कल्याण हे कसारा आणि कर्जत या दोन्ही मार्गांचे जंक्शन आहे. इथल्या महाविद्यालयांत शहापूर, मुरबाड, कर्जतच्या गावांतून येणारी मुले शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांशेजारी बसतात. एकाच वर्गात तयारीचे इतके वेगवेगळे थर असणे, हे या पट्ट्याचे वैशिष्ट्य आहे.

सध्या महाविद्यालये काही करतात का?

कागदावर बरेच काही करतात. ‘नॅक’च्या २०१७ च्या सुधारित चौकटीत महाविद्यालयांना थेट विचारले गेले होते : विद्यार्थ्यांची अध्ययनपातळी तपासता का? पुढे असलेल्यांसाठी आणि ‘स्लो लर्नर’साठी वेगळे उपक्रम घेता का? तेव्हापासून अनेक महाविद्यालयांच्या अहवालांत चाचणी, याद्या, जादा तास यांचे तपशील दिसू लागले. २०१९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘दीक्षारंभ’ ही प्रवेशानंतरच्या स्वागत-प्रशिक्षणाची मार्गदर्शिका आणली. त्याआधी आयोगाची उपचारात्मक अध्यापनाची योजनाही होती. बाराव्या पंचवार्षिक योजनेत, म्हणजे २०१२ ते २०१७ या काळात, तिच्यातून अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी आणि अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या जादा वर्गांसाठी महाविद्यालयांना पैसे मिळत.

अडचण त्यापुढची आहे. जादा तासाला श्रेयांक, म्हणजे क्रेडिट नाही. त्यामुळे वेळापत्रकात त्याला जागा नाही. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास शिकवायचे असते, आणि ते तास श्रेयांकाच्या विषयांतच भरतात. तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे सीएचबी शिक्षकाला मंजूर तासांचेच मानधन मिळते. मग उपचारात्मक वर्ग भरतो तो कॉलेज सुटल्यावर, नेमका कसारा किंवा कर्जत लोकल पकडायच्या वेळी. सकाळी सातचे कॉलेज करून दुपारी दुकानात किंवा कुरिअरच्या कामावर जाणारा विद्यार्थी त्या वर्गाला थांबूच शकत नाही. ज्याला त्या तासाची सर्वांत जास्त गरज, त्यालाच तो परवडत नाही.

मग राज्याने सर्वांसाठी एकच चाचणी घ्यावी का?

आपल्याकडे प्रश्न दिसला की सीईटी सुचते. त्याचा ताजा अनुभव २०२४ चा आहे. बीएमएस, बीबीए, बीसीए हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि राज्याच्या सीईटी कक्षाने त्यांच्यासाठी प्रथमच प्रवेश परीक्षा घेतली. पुरेसे विद्यार्थी न मिळाल्याने पुन्हा एक सीईटी घ्यावी लागली. अनेक महाविद्यालयांनी तर अभ्यासक्रमाचे नावच बदलून ही अट टाळली.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. प्रवेश परीक्षा कोणाला आत घ्यायचे ते ठरवते. पूर्वतयारी चाचणी आत आलेल्याला कोणती मदत द्यायची ते ठरवते. दुसरी चाचणी पहिलीसारखी वापरली, तर ती चाळणीच होते.

अमेरिकेतील सार्वजनिक महाविद्यालयांनी हे अनेक दशके केले. प्रवेशानंतर गणित आणि इंग्रजीची चाचणी घ्यायची, कमी गुण मिळाल्यास विनाश्रेयांक वर्गात बसवायचे, तो पार केल्यावरच पदवीचा विषय द्यायचा. कोलंबिया विद्यापीठातील कम्युनिटी कॉलेज रिसर्च सेंटरच्या संशोधकांनी या पद्धतीचा अभ्यास केला. गणितात सुमारे चारांतील एक आणि इंग्रजीत सुमारे तिघांतील एक विद्यार्थी चाचणीमुळे अगदी चुकीच्या जागी टाकला जात असल्याचे त्यांना आढळले. थेट वर्गात पास झाली असती अशी मुले मागे ठेवली जात होती आणि त्यांतली पुष्कळ तिथूनच शिक्षण सोडत होती. ‘कंपास’ ही मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी चाचणी २०१६ मध्ये बंद झाली. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये कायदा करून आधी शाळेतील गुण पाहायला सांगितले.

न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीतील प्रयोग आपल्याला अधिक उपयोगी आहे. गणितात कच्च्या ठरलेल्या विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकून गट केले. एका गटाला नेहमीचा उपचारात्मक बीजगणिताचा वर्ग दिला. दुसऱ्याला थेट पदवीचा सांख्यिकी विषय आणि जोडीला दर आठवड्याला कार्यशाळा दिली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पहिल्या गटात सुमारे ३९ टक्के, तर दुसऱ्यात सुमारे ५६ टक्के विद्यार्थी पास झाले. वरवर कठीण वाटणारा विषय दिलेलेच पुढे गेले, कारण मदत विषयाच्या आधी नव्हे, विषयासोबत मिळाली.

चाचणी नकोच, असे म्हणायचे का?

तसेही नाही. कॅलिफोर्नियातच दुसऱ्या बाजूचा अनुभव आला. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०२० मध्ये प्रवेशासाठी ‘सॅट’ न वापरण्याचा निर्णय घेतला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतील समितीने सांगितले, की नव्याने आलेल्या आठांतील सुमारे एका विद्यार्थ्याचे गणित शालेय पातळीच्याही खाली आहे. त्यांतील अनेकांना शाळेत गणितात उत्तम गुण होते. गुणांची खिरापत झाली की केवळ गुणपत्रिकेवर विसंबता येत नाही. २०२१ चा ९९.६३ टक्के निकाल पाहिलेल्या महाराष्ट्राला हे वेगळे सांगायला नको.

तेव्हा गुणपत्रिका आणि छोटी चाचणी दोन्ही हवे, पण त्यांचा वापर मदत ठरवण्यापुरताच हवा. आपल्या शाळांनी हे एकदा करून पाहिले आहे. करोनानंतर १ जुलै २०२१ पासून राज्यात ४५ दिवसांचा ‘सेतू अभ्यासक्रम’ राबवला गेला. त्यात तीन चाचण्याही होत्या. पदवीच्या पातळीवर आयआयटींमध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या काही विद्यार्थ्यांसाठी वर्षभराचा पूर्वतयारी अभ्यासक्रम आहे. देशातील सर्वांत निवडक संस्थांना ‘आधी थोडे शिकवावे लागेल’ हे मान्य करण्यात कमीपणा वाटत नसेल, तर बीकॉमच्या वर्गाला तो का वाटावा?

ठाणे-कल्याणमध्ये काय शक्य आहे?

पहिली गोष्ट फुकटात होण्यासारखी आहे. इथल्या बहुतेक मोठ्या महाविद्यालयांत कनिष्ठ आणि वरिष्ठ विभाग एकाच आवारात आहेत. बारावीला गणित होते का, दहावीला गणित आणि इंग्रजीत किती गुण होते, माध्यम कोणते, एवढी माहिती प्रवेश अर्जातूनच निघते. ती पहिल्या आठवड्यात विषयशिक्षकाच्या हातात पडायला हवी.

दुसरी गोष्ट श्रेयांकाची. राज्यात नवी रचना स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. तिच्यात एका सत्राला २० ते २२ श्रेयांक असतात आणि खुल्या निवडीच्या विषयांना जागा आहे. ठाण्याचे बांदोडकर आणि जोशी-बेडेकर, कल्याणचे बिर्ला अशा स्वायत्त महाविद्यालयांना स्वतःचा अभ्यासक्रम आखता येतो. एस.पी. घेऊन आलेल्यांसाठी दोन श्रेयांकांचा ‘व्यवहारातील गणित’ असा विषय मूळ विषयासोबत ठेवता येईल. दोन श्रेयांक म्हणजे सत्रात ३० तास, आठवड्याला दोन. समजा १२० जणांच्या तुकडीत ४० जणांना गरज आहे. वीस-वीसच्या दोन गटांना मिळून ६० तास लागतील. श्रेयांक असल्याने ते शिक्षकाच्या कामात मोजले जातील आणि सीएचबी शिक्षकाला त्याचे मानधन देता येईल. विद्यार्थ्याची गाडीही चुकणार नाही, कारण तास वेळापत्रकातच असेल.

याची किंमतही सांगायला हवी. त्या दोन श्रेयांकांत विद्यार्थ्याला दुसरा एखादा आवडीचा विषय घेता येणार नाही. सर्वांना सरसकट हा विषय दिला तर तो कंटाळवाणा सोपस्कार होईल. म्हणून निवड गरजेनुसार हवी आणि ‘स्लो लर्नर’ हा शिक्का मात्र वगळायला हवा. नियमाने मिळालेला पर्याय घेऊन आलेला विद्यार्थी मंद नसतो. त्याच्यापर्यंत तो विषय पोहोचलेला नसतो.

उशीर झाला तर काय होते?

नव्या धोरणात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे. मात्र त्यासाठी वर्षाचे किमान ४० श्रेयांक आणि वर ४ श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम पूर्ण हवा. गणितात आणि आणखी एका विषयात केटी लागलेल्याचे ४० श्रेयांकच भरत नाहीत. घरची परिस्थिती बेताची असल्याने शिक्षण सोडणारा बहुधा हाच विद्यार्थी असतो. त्याच्या हाती वर्षभराची फी, पास आणि प्रवास यांचा खर्च राहतो. प्रमाणपत्र राहत नाही.

पहिल्या सत्राची परीक्षा महाविद्यालयच घेते आणि पेपरही तिथेच तपासले जातात. म्हणजे कोण कुठे अडतो, हे महाविद्यालयाला निकालानंतर कळतेच. तीच माहिती चार महिने आधी, पहिल्या आठवड्यात मिळवणे आणि तिच्यासाठी वेळापत्रकात दोन तास राखणे, एवढाच या धोरणाचा गाभा आहे. तास राखायचे नसतील, तर चाचणी घेऊन नॅकच्या फाइलमध्ये आणखी एका यादीची भर पडेल.