गुडघा एकीचा, हळहळ सगळ्यांची

मराठी भाषेने गुडघ्याला कधी फारसा मान दिलेला नाही. हात सढळ असतो, मन मोठे असते, काळीज वाघाचे असते. पण गुडघ्याच्या वाट्याला काय? कोणी हरला की त्याने गुडघे टेकले. लग्नाची घाई झालेल्याचे बाशिंग बांधायचे तेही गुडघ्यालाच. आणि एखाद्याची अक्कल काढायची झाली, तर त्याचा मेंदू आपण नेमका तिथेच नेऊन ठेवतो! अशा या उपेक्षित अवयवाची आठवण आपल्याला दोनच वेळा होते. एकदा जिन्याच्या पायऱ्या मोजायचे वय झाले म्हणजे, आणि एकदा आवडता खेळाडू मैदानात कोसळला म्हणजे. पहिल्या प्रसंगासाठी तेले, मलमे आणि शेजारणींचे सल्ले मुबलक आहेत. मी दुसऱ्याविषयी चार शब्द लिहिणार आहे.

आम्ही तळवलीकर. घणसोली आणि रबाळे यांच्या मधले हे गाव. 1970 साली सिडको आली, नवे शहर वसले, भातखाचरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. तरी गावठाणातल्या गल्ल्या अजून गावाच्याच चालीने चालतात. घणसोलीला गाडीत बसले की अर्ध्या तासाच्या आत नेरूळ, आणि नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियम. जगातले नामांकित खेळाडू इतक्या जवळ येऊन खेळतात, ही गोष्ट मुंबईतल्या पाहुण्यांना आम्ही दोनदा तरी ऐकवतो. पाहुणे ऐकतात, फराळाची बशी हातात असली म्हणजे माणूस काहीही ऐकतो.

2025 सालच्या भाऊबीजेला, म्हणजे 23 ऑक्टोबरला, याच नेरूळच्या मैदानावर महिलांच्या विश्वचषकात भारत आणि न्यूझीलंड यांचा सामना झाला. सांगलीची स्मृती मानधना आणि दिल्लीची प्रतिका रावल या दोघींनी सलामीला 212 धावांची भागी रचली. स्मृतीने 109 केल्या, प्रतिकाने 122. घरोघर ओवाळण्या खोळंबल्या. निरांजन हातात आणि डोळे दूरदर्शन संचावर, अशी बहिणींची पंचाईत झाली. भारत उपांत्य फेरीत गेला आणि त्या रात्रीपुरती प्रतिका आमच्या सगळ्यांच्या घरची झाली. ही मुलगी शाळेत असताना बास्केटबॉलही उत्तम खेळायची, शालेय राष्ट्रीय स्पर्धेत तिने त्यात सुवर्णपदक मिळवले होते, कॉलेजात मानसशास्त्र शिकली, तिचे वडील क्रिकेटचे पंच आहेत, ही सारी माहिती दुसऱ्या दिवशी दूधवाल्यापासून निवृत्त मास्तरांपर्यंत सर्वांना तोंडपाठ होती.

फराळाचे डबे रिकामे व्हायच्या आत 26 तारीख उजाडली. बांगलादेशाशी सामना, वर पावसाची रिपरिप. सामना 27 षटकांचा झालेला. सीमेजवळ चेंडू अडवायला प्रतिका धावली, ओलसर गवतात पाय अडकला, घोटा आणि गुडघा दोन्ही मुरगळले. आधाराने तिला बाहेर न्यावे लागले. पावसाने पुढे तो सामनाही निकालाविना संपवला. पण तिची स्पर्धा त्याआधीच संपली होती.

वाचकहो, अशा वेळी आपण प्रेक्षक मंडळी कशी वागतो, हे पाहण्यासारखे असते. पहिला असतो तो ‘अरेरे!’ हा अगदी खरा असतो. त्यात हिशेब नसतो, पक्ष नसतो. आमच्या इमारतीतल्या सगळ्या मजल्यांवरून तो एकाच क्षणी उमटला. दुसऱ्याच्या घरचे दुःख पाहून पोटात कालवते ना, तोच हा आवाज.

पण हा ‘अरेरे’ फार काळ टिकत नाही. त्याच्या मागोमाग येते ते गणित. ‘आता स्मृतीबरोबर कोण?’ पोरीचा पाय अजून जमिनीवर नीट टेकलेला नसतो आणि आपण तिच्या जागी दुसरे नाव लिहून मोकळे होतो. यात दुष्टावा नाही. वऱ्हाड निघायच्या वेळी गाडी बिघडली तर आधी दुसरी गाडीच शोधावी लागते. तरी पण मनाचा तो वेग पाहून जरा दचकायला होते खरे.

तिसरी पायरी दैवाची. प्रतिकाच्या जागी शफाली वर्मा आली. ती मूळ संघात नव्हतीच. 2 नोव्हेंबरच्या अंतिम सामन्यात, त्याच नेरूळच्या मैदानावर, तिने 87 धावा केल्या आणि वर दोन बळी घेतले. दीप्ती शर्माने पाच बळी टिपले, भारताने दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवले आणि पहिल्यांदाच हा चषक आपल्या मुलींच्या हाती आला. मध्यरात्र उलटून गेली तरी आमच्या गल्लीत फटाके वाजत होते. आणि त्या धुरात एक वाक्य जो तो बोलत होता: ‘देवाची योजना बघा! तो पाय मुरगळला नसता, तर शफाली आली असती का?’

शफालीचे कौतुक करावे तेवढे थोडे. आयत्या वेळी बोलावणे यावे आणि एवढ्या मोठ्या दिवशी असे खेळावे, याला छाती लागते. माझी तक्रार त्या ‘योजने’बद्दल आहे. दुसऱ्याचा पाय मोडून आपला आनंद उभा राहिला, ही बोच मनाला सहन होत नाही, म्हणून आपण ती देवाच्या नावे टाकतो आणि हात झटकतो. ज्याचा पाय त्या योजनेत गेला त्याला कोणी विचारत नाही. त्या रात्री प्रतिका चाकांच्या खुर्चीत बसून, अंगावर तिरंगा घेऊन मैदानात आली आणि मैत्रिणींनी तिला आपल्यात घेतले. स्पर्धेत 308 धावा केलेली ही मुलगी. पण पदके शेवटच्या पंधरा जणींना द्यायची असा नियम. तेव्हा पदकांच्या रांगेत तिचे नाव नव्हते. लोकांना हे रुचले नाही, बोलबाला झाला, आणि पुढे आपल्यालाही पदक मिळाल्याचे तिनेच सांगितले. चाहत्यांच्या गलक्याचा असाही उपयोग होतो, हे नमूद केले पाहिजे.

मात्र गलक्याला दुसरी बाजू आहे. अमेरिकेत कॉलेजांतल्या बास्केटबॉलचे वेड आपल्याकडच्या क्रिकेटसारखे. 24 मार्च 2025 रोजी लॉस एंजेलिसमध्ये जूजू वॉटकिन्स ही विद्यापीठाची लाडकी खेळाडू सामना नुकता सुरू झाला असताना गुडघा धरून कोसळली. आतली लिगामेंट फाटली होती. तिला उचलून नेले आणि घरच्या प्रेक्षकांनी उरलेला वेळ पाहुण्या संघातल्या मुलींची हुर्यो उडवण्यात घालवला. घरच्या संघाने 96 विरुद्ध 59 असा सामना जिंकला, तरी राग शमेना. त्या पाहुण्या मुलीही विद्यार्थिनीच होत्या. पण हळहळीला कोणीतरी गुन्हेगार लागतो.

आणखी एक तऱ्हा शिकागोची. डेरिक रोझ हा तिथलाच मुलगा, 2011 साली वयाच्या बाविसाव्या वर्षी साऱ्या स्पर्धेत सर्वोत्तम ठरलेला. 28 एप्रिल 2012 रोजी सामना जवळजवळ जिंकलेला असताना त्याच्या डाव्या गुडघ्याने दगा दिला. गाव रडले. वर्ष होत आले, खेळायला हरकत नाही असे डॉक्टर म्हणाले, पण रोझला आतून भरवसा वाटेना. तो त्या हंगामात उतरलाच नाही. मग रडणारेच ओरडू लागले: भित्रा आहे, फुकट पगार खातो! पुढच्या हंगामात तो उतरला आणि महिन्याभरात त्याचा दुसरा गुडघा दुखावला. आपली सहानुभूती किती दिवसांच्या बोलीवर दिलेली असते, हे त्याला पुरते कळले असेल.

या लिगामेंटचे कामकाज थोडक्यात सांगतो, कारण घरात खेळणारी मुले असतील तर ते ठाऊक असावे. मांडीचे हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आतून बांधून ठेवणारी ही दोरी. नडगीला पुढे सरकू देत नाही. ती तुटायला धक्का लागावाच लागतो असे नाही. उडी मारून खाली येताना, धावता धावता एकदम थांबताना, जागच्या जागी वळताना ती तुटते. म्हणून बास्केटबॉलवाल्यांना आणि कबड्डीवाल्यांना तिची भीती मोठी. तोच खेळ खेळणाऱ्या मुलग्यांपेक्षा मुलींना हा धोका कितीतरी अधिक. पुरती तुटली की ती सहसा आपणहून नीट जुळत नाही. ज्याला पुन्हा खेळायचे आहे, त्याच्या शरीरातलीच दुसरी शीर घेऊन नवी दोरी बांधतात. मेख पुढेच आहे. दुखणे आधी जाते आणि ताकद मागाहून येते. चार-पाच महिन्यांत पाय बरा वाटू लागतो. पण नवी दोरी अजून कच्ची असते. नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरणाऱ्यांना पुन्हा इजा होण्याचा धोका बराच वाढतो, असे अभ्यासक सांगतात.

गावठाणात एक म्हातारे गृहस्थ आहेत. तरुणपणी हुतूतूत नाव काढलेले. एका सामन्यात पकड झाली, गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज आला. तेल चोळले, विटेचा शेक दिला, आणि तो पाय आजन्म सावध टाकत राहिले. त्यांना कोणी ‘परत केव्हा खेळणार?’ असे विचारले नाही, कारण परत येण्याचा रस्ताच तेव्हा त्यांच्यासाठी नव्हता. आज तो आहे. लांब आहे, खर्चाचा आहे, पण आहे. अमेरिकेतल्या पेज ब्यूकर्स या कॉलेज खेळाडूची लिगामेंट ऑगस्ट 2022 मध्ये फाटली. सबंध हंगाम बुडाला. एप्रिल 2025 मध्ये तिने आपल्या विद्यापीठाला राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिले.

आता आमच्याच इमारतीतली गोष्ट. दुसऱ्या मजल्यावरची मुलगी कॉलेजच्या संघातून बास्केटबॉल खेळते. एका सामन्यात उडी मारून खाली आली ती उठलीच नाही. लिगामेंट. मग शस्त्रक्रिया झाली आणि भेटीला रीघ लागली. कोणी शहाळी आणली, कोणी मोसंबी. मैत्रिणी आल्या त्या विचारत, ‘केव्हा येतेस?’ संघाला पुढच्या स्पर्धेची घाई होती. मोठी माणसे आली ती तिच्या आईला बाजूला घेऊन विचारत, ‘आता कशाला पुन्हा ते खूळ? पाय बरा झाला की पुरे. उद्या लग्नाच्या वेळी गुडघ्याचे ऑपरेशन सांगावे लागेल, वहिनी.’ त्याच इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या मुलाचा गुडघा क्रिकेटमध्ये दुखावला होता, तेव्हा हीच मंडळी म्हणाली होती, ‘होईल रे बरा, पुढच्या मोसमात शतक ठोक!’ गुडघा तोच, शीर तीच; पण मुलाच्या गुडघ्याला आपण तारीख विचारतो आणि मुलीच्या गुडघ्याला कारण.

वडील बिचारे मधल्या मधे. व्यायामासाठी आठवड्यातून तीनदा न्यायचे, त्याचे पैसे, रजा. चालता येण्यापुरते झाले की थांबावे, असे त्यांच्याही मनात येऊ लागले होते. एके दिवशी ते लेकीला म्हणाले, ‘बाळ, एवढे लोक सांगतात ते काय उगाच?’

मुलगी म्हणाली, ‘बाबा, सगळे केव्हा विचारतात, नाहीतर कशाला विचारतात. आज गुडघा किती वाकला, हे फक्त आजी विचारते.’

आणि ते खरे होते. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी गुडघा किती अंश वाकतो ते मोजायला शिकवले होते. आजीने तो आकडा रोज कालनिर्णयावर, दुधाच्या हिशेबाच्या शेजारी, लिहायला सुरुवात केली. दूध दीड लिटर, गुडघा सत्तर. दूध एक, गुडघा पंचाहत्तर. नव्वद झाला त्या दिवशी शिरा केला. एक दिवस आकडा मागे गेला, तेव्हा आजी एवढेच म्हणाली, ‘दूधही कधी नासतं.’ वडिलांनी ते पान पाहिले आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या महिन्याचे पैसे भरून आले. पुढे ती मुलगी खेळेल की नाही, हे तिचे तिने ठरवायचे आहे. पण ठरवण्याइतका पाय तिला मिळावा, एवढी तजवीज त्या घराने केली.

प्रेक्षकांचा धर्म म्हणतात तो याहून निराळा नसावा. खेळाडू पडला की ‘अरेरे’ म्हणावे. ते आपोआपच तोंडून निघते. पण त्यानंतरचे नऊ महिने टाळ्यांचे नसतात, चित्र दिसत नाही, धावफलक नसतो. एका खोलीत एक मुलगी पाय पाच अंश अधिक वाकवण्यासाठी घामाघूम होत असते. तिला आपल्याकडून दैवाची मीमांसा नको असते आणि गुन्हेगारही नको असतो. पडण्याआधीची एक गोष्टही आपल्याच हाती आहे. खेळापूर्वी दहा-पंधरा मिनिटे उडी मारून नीट कसे उतरावे, कसे वळावे, मांड्या कशा बळकट कराव्या, याचे व्यायाम नेमाने केले तर अशा दुखापती निम्म्याच्या आसपास कमी होतात, असे दिसून आले आहे. मुलीच्या शाळेत फी भरायला जाल तेव्हा खेळाच्या शिक्षकांना हे व्यायाम होतात का, एवढे विचारून या. मार्क विचारतो, तसेच हेही.

यंदा फराळाला कोणाकडे जाल आणि तिथे एखादी पोर स्टुलावर पाय ठेवून बसलेली दिसेल, तर चकली उचलण्यापूर्वी तिला विचारा: ‘आज कितीपर्यंत वाकला?’ आकडा सांगताना तिचा चेहरा कसा होतो, ते पाहा. दिवाळीच्या दिव्यांत तेवढा एक अधिक.