सट्ट्याच्या पैशाला कोर्ट नाही, फसलेल्या माणसाला आहे

जुलै २०२३ मध्ये नागपूर पोलिसांनी गोंदियातल्या एका घरावर छापा घातला. कोट्यवधींची रोकड, सोने आणि चांदी सापडली. नागपूरच्या एका व्यापाऱ्याने तक्रार दिली होती की ऑनलाइन सट्ट्याच्या अ‍ॅपमधून आपली सुमारे ५८ कोटी रुपयांची फसवणूक झाली आहे. गोंदिया आपल्याला परके नाही. १ मे १९९९ पर्यंत ते भंडारा जिल्ह्यातच होते. आजही नातीगोती, धानाचा व्यापार आणि शिक्षण यांसाठी दोन्हीकडचे येणे-जाणे चालूच असते.

या बातमीची चर्चा आपल्याकडे रकमेवरून झाली. मला मात्र दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटली. तो माणूस स्वतः खेळला होता, हरला होता, तरीही तो पोलिसांकडे गेला आणि पोलिसांना त्याची तक्रार घ्यावी लागली. आपल्या मोहल्ल्यातला मुलगा ५८ हजार घालवतो आणि घरातसुद्धा बोलत नाही.

तो का बोलत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. जुगार हराम, म्हणून अब्बांना सांगायची सोय नाही. पोलिसांत जावे तर ‘तू खेळलासच कशाला’ हा पहिला प्रश्न. जमातीत कळले तर बहिणीच्या लग्नाला अडचण. मग तो आधी अम्मीच्या बचत गटाचे पैसे उचलतो, नंतर मोटारसायकल गहाण ठेवतो, नंतर शेकडा दहाने कर्ज काढतो. सट्टा चालवणाऱ्यांना हे सगळे माहीत असते. त्यांचा धंदा जेवढा आपल्या लोभावर चालतो, तेवढाच आपल्या लाजेवर चालतो. म्हणून या अंकात ‘जुगार वाईट’ एवढेच सांगून मी थांबणार नाही. फसल्यावर काय करता येते, तेही सांगणार आहे.

आधी कायदा समजून घेऊ. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करार शून्य आहे. पैजेत जिंकलेली रक्कम मिळावी म्हणून दावा लावता येत नाही. पैजेच्या निकालावर अवलंबून तिसऱ्याकडे ठेवलेली रक्कमही दाव्याने मागता येत नाही. अपवाद आहे तो घोड्यांच्या शर्यतीतल्या ५०० रुपये वा अधिक किमतीच्या बक्षिसासाठी दिलेल्या वर्गणीचा, आणि तोही मर्यादित. म्हणजे सट्टापट्टी लिहिणाऱ्याने आकडा लागूनही पैसे दिले नाहीत, कोंबडबाजारात लावलेली रक्कम बुडाली किंवा आयपीएलच्या सामन्यावर लावलेल्या पैशांचा हिशेब जुळला नाही, तर भंडाऱ्याच्या दिवाणी न्यायालयात दाद मिळणार नाही.

पण याची दुसरी बाजू फार थोड्यांना माहीत असते. ज्या कलमाने तुमचे जिंकलेले पैसे वसूल होत नाहीत, त्याच कलमाने बुकीची तुमच्यावरची बाकीही वसूल होत नाही. ‘दोन लाख निघतात, कोर्टात खेचीन’ ही धमकी पोकळ आहे. पैशासाठी कोणी मारहाणीची धमकी देत असेल, घरातल्या बायकांना फोन करत असेल, कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही घेत असेल, तर ती वसुली राहत नाही. तो खंडणीचा आणि धमकीचा गुन्हा होतो. तिथून पुढे तक्रारदार तुम्ही असता.

आता ‘परवाना असलेल्या’ जुगाराकडे येऊ. अ‍ॅपवाले हमखास सांगतात, ‘भाई, आमचे लायसन्स आहे.’ महाराष्ट्रात कायदेशीर काय आहे, ते बोटांवर मोजता येते. राज्य सरकारची लॉटरी आहे आणि मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सवरची घोड्यांची शर्यत आहे. कॅसिनोसाठी १९७६ साली कायदा झाला होता, पण तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द करण्याचा निर्णय झाला. गोव्यात मांडवी नदीतले कॅसिनो चालतात ते गोव्याच्या स्वतंत्र कायद्याखाली. तो परवाना साकोली-तुमसरच्या मोबाइलवर चालत नाही. अ‍ॅपच्या तळाशी जो परवाना दाखवतात तो बहुतेक वेळा कुरासाओसारख्या दूरच्या बेटाचा असतो, आणि पुष्कळदा तोही खोटाच. त्या परवान्यावर लाखनीच्या मुलाने तक्रार कुणाकडे करायची?

खरा परवाना कसा असतो, ते ब्रिटनकडे पाहून कळते. तिथे २००५ च्या कायद्याने गॅम्बलिंग कमिशन नेमले आहे. पैशाचा वाद झाला तर ग्राहकाने आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. आठ आठवड्यांत प्रश्न सुटला नाही, तर स्वतंत्र मध्यस्थ संस्थेकडे जायचे. ग्राहकाला त्याचा खर्च नाही. कमिशन एकेका माणसाचा वाद सोडवत बसत नाही, पण नियम मोडणाऱ्या कंपनीला दंड करते, परवाना काढून घेऊ शकते. तरीही तिथे जुगाराने उद्ध्वस्त झालेली कुटुंबे आहेतच. पण निदान दार कुठले ठोठवायचे हे ठरलेले आहे. आपल्याकडे ‘लायसन्स’ हा शब्द फक्त विश्वास बसावा म्हणून वापरला जातो.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा जुना वाद या कायद्याने बाजूला ठेवला. असा खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला मात्र त्यात शिक्षा ठेवलेली नाही. या कायद्याला न्यायालयात आव्हान देण्यात आले. त्याचे गुणदोष चर्चेला येतीलच. पण खेळणाऱ्याकडे गुन्हेगार म्हणून न पाहता फसलेला म्हणून पाहायचे, हे संसदेने मान्य केले, ही गोष्ट मला मोलाची वाटते. आपल्या घरांनी आणि जमातींनीही एवढे मान्य करायला हरकत नाही.

बंदीने धंदा मात्र आपोआप बंद होत नाही. भंडाऱ्यावरून जाणाऱ्या महामार्गाने पूर्वेला गेले की दुर्ग-भिलाई लागते. महादेव अ‍ॅपचे प्रकरण तिथलेच. ५ नोव्हेंबर २०२३ ला केंद्र सरकारने महादेवसह २२ अ‍ॅप आणि संकेतस्थळे बंद करण्याचे आदेश दिले. अशा धंद्यात नाव बदलून नवे अ‍ॅप लगेच सुरू होते. त्याची रीत ठरलेली आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आयडी’ मिळतो. पैसे कंपनीच्या खात्यात जात नाहीत, कुणातरी अनोळखी माणसाच्या यूपीआयवर जातात. सुरुवातीला दोन-चार हजार जिंकू देतात आणि ते काढूही देतात. मोठी रक्कम दिसू लागली की काढणे अडते. मग ‘आधी जीएसटी भरा’, ‘सिक्युरिटी भरा’ असे सुरू होते. इथे सट्टा संपलेला असतो आणि सरळ फसवणूक सुरू झालेली असते. जिंकलेल्या पैशावर कर असतो हे खरे, पण पैसे देणारा तो रकमेतून कापून घेतो. जिंकणाऱ्याकडून आगाऊ मागत नाही. लॉटरी लागल्याचे जे फोन येतात, त्यांनाही हीच कसोटी लावा.

तर मित्रांनो, फसल्याचे कळल्यावर काय करायचे?

पहिले काम म्हणजे १९३० वर फोन. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. इथे वेळेला फार किंमत आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात आणि तिथून एटीएममधून बाहेर जाण्याआधी तक्रार पोचली, तर ते मधल्या खात्यात रोखता येतात. दोन दिवस विचार करण्यात गेले की बहुतेक वेळा पैसेही गेलेले असतात. फोन करताना व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, तारीख, वेळ, रक्कम आणि बँकेचे नाव हाताशी ठेवा.

दुसरे, काहीही पुसू नका. घरी कळेल या भीतीने मुले सगळ्यात आधी अ‍ॅप आणि चॅट उडवतात. तोच पुरावा असतो. स्क्रीनशॉट काढा, व्हॉट्सअ‍ॅपची चॅट ईमेलवर पाठवून ठेवा, ज्या क्रमांकांवर पैसे गेले त्यांची यादी कागदावर लिहा, बँकेतून खात्याचा उतारा घ्या.

तिसरे, लेखी तक्रार. पोलीस ठाण्यात किंवा जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयात दोन प्रती न्या आणि एका प्रतीवर पोच घ्या. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की गुन्हा नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात १२ नोव्हेंबर २०१३ ला सांगितले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार तक्रार कोणत्याही ठाण्यात देता येते, इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते. तशी दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. ठाण्यात दाद लागली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, आणि तिथेही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाण्याचा मार्ग आहे. तक्रारीत ‘मी हरलो’ हे मुख्य नको. कोणी, काय खोटे सांगून, कोणत्या तारखेला, किती पैसे घेतले, ते मुख्य हवे.

एक सावधगिरी. गावातल्या अड्ड्यावर बसून खेळणाऱ्यावर महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायद्याखाली कारवाई होऊ शकते. तक्रार अशा अड्ड्याबद्दल असेल तर आधी वकिलाशी बोला. पैसे नसतील तर भंडाऱ्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना मोफत वकील मिळतो. स्त्रियांना तर उत्पन्नाची अटही नाही. मुलाच्या नादाने घर अडचणीत आलेल्या आईने स्वतः जायला काहीच हरकत नाही.

बँकेबद्दल खोटी आशा नको. तुम्ही स्वतः पिन टाकून पाठवलेले पैसे ही बँकेची चूक ठरत नाही. पण तुम्ही तक्रार देऊनही बँकेने काहीच केले नाही आणि ३० दिवसांत समाधानकारक उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

सावकाराचे प्रकरण वेगळे, आणि घर बुडते ते बहुधा तिथेच. परवाना नसताना सावकारी करणे हा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली गुन्हा आहे. त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करायची. अवैध सावकारीत गेलेली जमीन चौकशीनंतर परत देण्याचा आदेश काढण्याचा अधिकार त्यांना आहे. पवनी-लाखांदूरकडची दोन एकर धानाची शेती एका आयपीएलमध्ये गेली असेल, तर ती गेलीच असे धरून बसू नका.

आणखी एक गोष्ट, खास कॉलेजातल्या मुलांसाठी. ‘तुझे खाते महिनाभर दे, पाच हजार घे’ असे कोणी म्हणाले तर त्या वाटेला जाऊ नका. सट्ट्याचा आणि फसवणुकीचा पैसा अशाच भाड्याच्या खात्यांतून फिरतो. पोलीस सगळ्यात आधी खातेदाराच्या दारात येतात, कारण नाव, आधार आणि फोटो त्याचा असतो. संघटित टोळीने चालवलेल्या अनधिकृत सट्ट्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ११२ मध्ये एक ते सात वर्षांची शिक्षा आहे. मुस्लिम नावाच्या मुलाला अशा गुन्ह्यातून बाहेर पडणे किती जड जाते, हे मी वेगळे सांगायला नको.

शेवटी आपल्या घरातले. सूरह अल-माइदामध्ये (५:९०-९१) जुगाराला मनाई आहे आणि तिथे कारणही दिले आहे: त्यातून माणसांत वैर आणि द्वेष पसरतो. आपण मनाई लक्षात ठेवली, कारण विसरलो. हरलेल्या मुलाशी बोलणे टाकून, त्याला जमातीत खाली मान घालायला लावून आपण घरात तेच वैर आणतो. त्याला जवळ बसवून ‘किती गेले, कुणाला दिले, अजून किती द्यायचे आहेत’ एवढे तीन प्रश्न विचारले तर निम्मे संकट तिथेच उघडे पडते. तो जिवाचे बरेवाईट करायच्या गोष्टी बोलत असेल तर त्याला एकटे सोडू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही चालतो.

जिल्ह्यातल्या मशिदींच्या विश्वस्तांना आणि तरुण मंडळांना माझी विनंती आहे. आयपीएल सुरू होण्याआधीच्या एखाद्या जुम्याला नमाजनंतर अर्धा तास राखून ठेवा. विधी सेवा प्राधिकरणाचा एक वकील आणि सायबर विभागाचा एक पोलीस अधिकारी बोलवा. बायकांना वेगळ्या वेळी नव्हे, त्याच सभेला बोलवा, कारण गहाण पडतात ते त्यांचे दागिने. १९३० हा आकडा मोठ्या अक्षरांत दारावर लावा. वजूखान्याशेजारी लावला तरी चालेल, तिथे सगळ्यांची नजर जाते. आणि मोहल्ल्यातल्या दोन शिकलेल्या मुलामुलींची नावे जाहीर करा, जे कुणाचीही तक्रार लिहून देतील आणि त्याबद्दल बाहेर बोलणार नाहीत.