सेवेची नोकरी आणि नोकरीतील सेवा

बदलापूर ते मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ६८ किलोमीटरचे आहे. घरातून निघून कचेरीतल्या खुर्चीपर्यंत पोहोचणे आणि संध्याकाळी परत येणे यांत दिवसाचे तीन तास जातात असे धरले, वर्षाचे कामाचे दिवस २८० मानले आणि नोकरीची वर्षे ३५, तर ही बेरीज २९,४०० तासांची होते. एवढा काळ माणूस गाडीच्या दांडीला धरून उभा असतो आणि ज्या कामासाठी तो उभा असतो ते काम कोणाच्या उपयोगी पडते, हा प्रश्न त्याला क्वचितच विचारला जातो. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन गावांतून सकाळी मुंबईकडे जाणाऱ्या लोंढ्यात पदवीधर तरुण-तरुणींची संख्या लहान नसते. त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न पगाराचा असतो आणि तो तसा असणे स्वाभाविक आहे. परंतु दुसरा प्रश्नही असतो, आणि तो विचारण्याची मुभा फक्त सुखवस्तू घरातल्या मुलांनाच असावी, असे मानण्याचे कारण नाही.

हा दुसरा प्रश्न पश्चिमेकडे गेल्या दीड दशकात एका चळवळीच्या रूपाने पुढे आला आहे. 'इफेक्टिव्ह अल्ट्रुइझम' असे तिचे नाव. मराठीत तिला परिणामकारक परोपकार म्हणता येईल. ऑक्सफर्ड येथे २०११ साली स्थापन झालेल्या या विचाराच्या एका संस्थेचे नावच 'एटी थाउजंड अवर्स', म्हणजे ऐंशी हजार तास, असे आहे. आठवड्याला चाळीस तास, वर्षाला पन्नास आठवडे आणि चाळीस वर्षे, असा तो हिशेब. माणूस जगाला जे देऊ शकतो त्यात पैशापेक्षा हे तास मोठे आहेत. म्हणून व्यवसाय निवडताना कोणत्या कामाने जास्तीत जास्त लोकांचे दुःख कमी होईल हे पुरावा पाहून ठरवावे, असे ही मंडळी सांगतात.

या विचाराचे मूळ शोधू गेले तर ते आपल्याच उंबरठ्याशी येते. १९७१ साली पूर्व बंगालमधून लक्षावधी निर्वासित भारतात आले, त्या वेळी पीटर सिंगर या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने एक निबंध लिहिला. तो १९७२ साली प्रसिद्ध झाला. दूरवरच्या माणसाचे मरण टाळणे आपल्या हाती असेल, आणि त्यासाठी तितक्याच मोलाच्या गोष्टीचा त्याग करावा लागणार नसेल, तर ते न टाळणे हा अपराध आहे, असा त्याचा आशय होता. निर्वासितांचा प्रश्न उल्हासनगरला पुस्तकातून समजून घ्यावा लागत नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे लाखभर माणसांना महायुद्धकाळातील लष्करी छावण्यांत आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या छावण्यांच्या जागी नव्या नगराची कोनशिला बसली. त्या पिढीला मदत हवी होती. पण त्याहून अधिक तिला काम हवे होते. मदतीचे मोल कामाने ठरते, हा धडा या गावाने तेव्हाच गिरवला आहे.

दारे थोडी, उमेदवार फार

ऑक्सफर्डच्या चळवळीने हिशेबाची शिस्त आणली, हे मान्य केले पाहिजे. एखाद्या संस्थेचा कार्यालयीन खर्च किती, यावरून तिची किंमत ठरवू नये. एका रुपयात किती आयुष्ये वाचली ते पाहावे, हा तिचा आग्रह रास्त आहे. परंतु या क्षेत्रात नोकरी मिळवू पाहणाऱ्या तरुणाचा अनुभव वेगळा असतो. जागा थोड्या आणि अर्ज फार. प्रमुख संस्था इंग्लंड-अमेरिकेतील मोजक्या शहरांत एकवटलेल्या. जाहिराती उघड निघतात, नमुन्याचे काम करून घेऊन निवड करण्याची आणि त्या कामाचे पैसे देण्याची चांगली पद्धतही अनेक ठिकाणी आहे. तथापि परिषदांतून जमलेल्या ओळखी आणि नामवंत विद्यापीठाचा शिक्का यांचे वजन त्यामुळे नाहीसे होत नाही.

शिवाय हा सारा डोलारा काही थोड्या धनिकांवर उभा राहिला. भरपूर कमवावे आणि दान करावे, हाही परोपकाराचाच मार्ग, असा उपदेश या चळवळीने एके काळी हिरिरीने केला. त्या उपदेशाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणून मिरवलेले सॅम बँकमन-फ्राइड यांची आभासी चलनाची पेढी नोव्हेंबर २०२२ मध्ये कोसळली. ग्राहकांच्या पैशाच्या अपहाराबद्दल त्यांना मार्च २०२४ मध्ये २५ वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. पेढीबरोबर त्यांचा दाननिधीही बुडाला, आणि त्याच्या भरवशावर कामे हाती घेतलेल्यांचे हात रिकामे झाले. ज्यांनी परिणामांचा एवढा बारीक हिशेब मांडला त्यांनी दात्याच्या वहीत डोकावून पाहिले नाही, हे त्या प्रकरणाचे तात्पर्य आहे.

मग याच्याशी आपला संबंध काय? संबंध आहे. या चळवळीच्या प्रेरणेने आणि पैशाने निघालेल्या दोन संस्था महाराष्ट्रातही काम करतात. 'फोर्टिफाय हेल्थ' ही पिठाच्या गिरण्यांना आट्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि ब-१२ जीवनसत्त्व मिसळण्यासाठी साहाय्य करते. रक्तक्षय कमी व्हावा हा हेतू. 'सुविता' ही बालकांच्या लसीकरणाची तारीख पालकांना आठवण करून देण्याचे काम महाराष्ट्र व बिहारमध्ये करते. या कामांचे स्वरूप पाहावे. गिरणीमालकाचे मन वळवणे, मिश्रण मोजून सोडणारे यंत्र नीट चालते की नाही ते पाहणे, नमुने तपासणे, याद्या बिनचूक ठेवणे, आईला समजेल अशा मराठीत चार ओळी लिहिणे. उल्हासनगरच्या बाजारात वाढलेल्या मुलाला व्यवहार शिकवावा लागत नाही. अंबरनाथच्या कारखान्यांच्या सावलीत आयटीआय झालेल्याला यंत्र नवे नसते. बदलापूरच्या कारकुनाइतकी नेटकी नोंदवही कोण ठेवणार? परोपकाराला तत्त्वज्ञ लागतात, पण त्याहून अधिक अशी माणसे लागतात.

जुनी परंपरा, नवा पुरावा

सेवा हाच व्यवसाय ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. १८८४ साली स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने आजीव सदस्यांची प्रथा पाडली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी वीस वर्षांची प्रतिज्ञा घेतली, दरमहा ७५ रुपयांवर शिकवले आणि १९०२ साली ते निवृत्त झाले. १९०५ साली त्यांनी भारत सेवक समाज स्थापला तोही याच पायावर. या प्रथेचे गुणगान पुष्कळ झाले आहे. त्यातील व्यवहार मात्र दुर्लक्षित राहतो. वेतन थोडे होते, पण ते ठरलेले होते. मुदत ठरलेली होती. निवृत्तीचीही तरतूद होती. सदस्यांनी बाहेरून मिळकत करावी की नाही, यावर तीव्र वाद झाले, आणि १८९० साली टिळक संस्थेबाहेर पडले त्यामागे हाही एक वाद होता. म्हणजे त्यागमूर्तींच्या त्या मेळाव्यातही पगाराचा प्रश्न उघडपणे बोलला गेला. आज आपण तो बोलायला लाजतो.

अलीकडची दोन उदाहरणे अधिक बोलकी आहेत. गडचिरोलीत १९८६ पासून कार्यरत असलेल्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतील स्त्रियांना नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याचे शिक्षण दिले. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट झाल्याचे १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दुसरे उदाहरण मुंबईचे. 'प्रथम' या संस्थेने पालिका शाळांतील मागे पडलेल्या मुलांसाठी वस्तीतल्याच तरुणी 'बालसखी' म्हणून नेमल्या. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई व बडोद्यात शास्त्रशुद्ध तुलना करून पाहिली, तेव्हा मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. या दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते दारिद्र्यनिर्मूलनाच्या उपायांना अशी कसोटी लावण्याच्या पद्धतीबद्दल.

दोन्ही ठिकाणी ज्यांच्या हातून मोजता येण्याजोगे भले झाले त्या थोड्या शिकलेल्या, स्थानिक स्त्रिया होत्या. ऑक्सफर्डचा परिणामाचा निकष प्रामाणिकपणे लावला तर मानाचे पान त्यांच्यापुढे मांडले पाहिजे. प्रत्यक्षात काय घडले? बालसखीला महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये मिळत. गडचिरोलीच्या प्रयोगाची शिकवण पुढे देशभर आशा कार्यकर्त्यांच्या कामात आली. पण आशांना कर्मचारी म्हणत नाहीत, स्वयंसेविका म्हणतात, आणि वेतनाऐवजी मानधन व कामागणिक मोबदला देतात. वाढीव मानधनासाठी महाराष्ट्रातील आशांना २०२३ साली संप करावा लागला. परिणाम मोजला गेला, तो नियतकालिकांत छापला गेला, त्याचा गौरव झाला. ज्यांनी तो घडवला त्यांच्या पगाराचा आकडा मात्र कोणी गंभीरपणे मांडला नाही.

याचे मूळ आपल्या एका समजुतीत आहे. देणगीतला रुपया पगारावर गेला की तो वाया गेला, असे देणाऱ्याला वाटते. कायदाही त्याच वळणाने जातो. परकीय देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती होऊन प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. उधळपट्टीला आळा घालणे योग्यच. परंतु हिशेबनीस आणि व्यवस्थापक यांना पुरेसे वेतन न देणारी संस्था स्वस्त दिसते, चांगली असतेच असे नाही. अशा संस्थेत मग दोनच प्रकारची माणसे टिकतात: ज्यांच्या घरी दुसरे उत्पन्न आहे ती, आणि ज्यांना दुसरीकडे काहीच मिळत नाही ती. कर्जाचे हप्ते भरून अंबरनाथमध्ये खोली घेणाऱ्या घरातली हुशार मुलगी या दोहोंत बसत नाही. तिला सेवेची आवड नाही असे आपण म्हणतो. वस्तुतः तिला सेवा परवडत नाही.

काय करता येईल

पहिली गोष्ट संस्थांनी करावयाची आहे. रिकाम्या जागा ओळखीपाळखीतून न भरता मराठी वृत्तपत्रांतून आणि महाविद्यालयांच्या फलकांवर त्या जाहीर कराव्यात, वेतनाचा आकडा जाहिरातीतच द्यावा, मुलाखतीतल्या इंग्रजीपेक्षा प्रत्यक्ष कामाच्या नमुन्यावर निवड करावी, आणि त्या नमुन्याचेही पैसे द्यावेत. 'सर्च'ने २००६ पासून 'निर्माण' या उपक्रमातून तरुणांना सामाजिक कामाची दिशा दाखवण्याचा प्रयत्न चालविला आहे. त्यात कळकळ आहे, आणि ती अनुकरणीय आहे. पण शिबिराहून परतलेल्या तरुणाला आपल्या तालुक्यात पोटापुरते काम मिळणे हे एका संस्थेच्या आवाक्यातले नाही.

दुसरी गोष्ट महाविद्यालयांची. १९६९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थी दोन वर्षांत २४० तास देतो. ते तास फेऱ्या, फलक आणि छायाचित्रे यांत संपले की गुण मिळतात, अनुभव मिळत नाही. त्याऐवजी एका प्राध्यापकाने ठरवावे की आपले विद्यार्थी पालिकेच्या एका शाळेतील तिसरी-चौथीच्या मुलांचे वाचन जूनमध्ये तपासतील, वर्षभर शिकवतील आणि मार्चमध्ये पुन्हा तपासतील. निकाल वाईट आला तरी तो लिहून ठेवावा. असे काम केलेल्या विद्यार्थ्याजवळ प्रमाणपत्राहून अधिक काही असेल: आपण काय केले आणि त्याने काय झाले, हे त्याला सांगता येईल. सेवाक्षेत्रातील नोकरीसाठी याहून चांगला अर्ज नाही.

तिसरी गोष्ट, जे आधीच नोकरीत आहेत त्यांची. अंबरनाथसारख्या गावात संरक्षण कारखान्यातील नोकरी ही एका पिढीची सुरक्षितता होती. २०२१ साली आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या, आणि तिथेही जुनी निश्चिंती राहिलेली नाही. अशा वेळी हातची नोकरी सोडून सेवेला जा, असा उपदेश कोणी करू नये. शिक्षक, परिचारिका, पालिकेतील कारकून यांच्या टेबलावरून रोज ज्या गोष्टी जातात त्या पुष्कळ संस्थांच्या वार्षिक कार्याहून मोठ्या असतात. विधवेच्या निवृत्तिवेतनाचा अर्ज आठ दिवसांत निघाला की आठ महिन्यांत, यात एका घराचे वर्ष सुधारते किंवा बिघडते. ते आठ दिवसांत काढणारा कारकून कोणत्याही चळवळीचा सभासद नसेल. परंतु ऐंशी हजार तासांच्या हिशेबात त्याची जमेची बाजू भक्कम आहे.

गाडीतले २९,४०० तास परत मिळणार नाहीत. उरलेल्या तासांचे काय करायचे हे ठरविण्याचा हक्क बदलापूरच्या पदवीधराला ऑक्सफर्डच्या पदवीधराइतकाच आहे. तो हक्क प्रत्यक्षात यायचा असेल तर सेवेला हार घालणे थोडे कमी करून तिला पगारपत्रकावर घेतले पाहिजे.