लपविलेली तार

दिवाळीच्या दिवसांत भांडण उकरून काढणारा मनुष्य अरसिक समजला जातो, हे मला ठाऊक आहे. तरीही चकलीचा तुकडा मोडता मोडता वाचकांनी माझे एक भांडण ऐकून घ्यावे. भांडण एका तारेवरून आहे. तार जेमतेम तीन हात लांबीची. पण तिच्यापायी माझा उजवा हात भाजला आणि दोन महिने मी फळ्यावर डाव्या हाताने अक्षरे काढली. मुले हसत होती, ते योग्यच होते. एका शाळामास्तराने यापेक्षा मोठी चूक क्वचितच केली असेल.

आमच्या घरी वडिलांची पद्मिनी आहे. १०८९ सी.सी.चे इंजिन, चार दरवाजे, आणि सुरू होताना घसा खाकरण्याची सवय. हिच्या बहिणी काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या वेषात मुंबईत ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावत होत्या. आता अशी गाडी दारात असणे हे प्रतिष्ठेचे लक्षण झाले आहे. जुन्या मोटारींचे मेळावे भरतात, लोक बॉनेट उघडून उभे राहतात, आणि मुलीच्या लग्नाला आलेल्या व्याह्यांप्रमाणे एकमेकांच्या इंजिनांचे दोष हेरतात.

२०१९ साली मी अशाच एका मेळाव्यासाठी गाडी सजविली. पाण्याची उष्णता दाखविणारा नवा काटा आणि त्याचा सेन्सर बसवून घेतला. मिस्त्रीने विचारले, "गुरुजी, तार कुठून नेऊ?" मी रुबाबात सांगितले, "कुठूनही न्या, पण दिसता कामा नये." त्या भल्या माणसाने माझी आज्ञा शिरसावंद्य मानली. जळलेला वायू बाहेर नेणारी जी बिडाची नळी असते, त्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या आडून त्याने तार ओढून ताणून नेली. मेळाव्यात वाहवा झाली. तार कोणालाच दिसली नाही. मलाही नाही!

मे महिन्यात आम्ही साताऱ्याला निघालो. मागच्या बाकावर माझी आई, पत्नी आणि मुलगी. खंबाटकीचा घाट चढताना मी काट्याकडे बोट दाखवून म्हणालो, "पाहा, काटा जागचा हलत नाही. कशी थंड चालली आहे!" चढणीवर, भर उन्हात, चार माणसे घेऊन चाललेल्या इंजिनाचा काटा हलू नये, यात संशय घेण्याजोगे काही आहे, हे मला सुचले नाही. अभिमान माणसाला किती बुद्धू बनवितो!

एका वळणावर इंजिनाने मान टाकली. मुलीने चाकामागे दगड लावला. मी किल्ली अर्धी फिरवून पुन्हा काटा पाहिला. 'थंड.' मग फडके घेऊन रेडिएटरचे झाकण फिरविले. पुढचे सांगण्याची गरज नाही. उकळते पाणी काट्याला विचारून वर येत नाही. मुलगी त्या वेळी माझ्यापासून दोन पावलांवर उभी होती, हे आठवले की आजही अंगावर शहारा येतो.

झाले होते असे : रेडिएटर आतून गंजाने बुजला होता. आणि तार मॅनिफोल्डच्या धगीने वाळून ठिसूळ झाली होती. शिवाय ती ताणलेली. इंजिन रबराच्या आधारांवर बसलेले असते, ते सुरू होताना आणि बंद होताना हलते. त्या हिसक्यांनी तार सेन्सरच्या टोकाशी तुटली. या सेन्सरची रीत अशी की, पाणी तापेल तसा त्याचा विरोध कमी होतो आणि काटा चढतो. तार तुटली की विरोध अमर्याद. म्हणून काटा तळाशी. तुटलेली तार 'मी तुटले' असे सांगत नाही, ती 'सर्व क्षेम आहे' असे सांगते. उलट सोलवटलेली तार लोखंडाला टेकली, तर काटा उगाच टोकाला जातो. दोन्ही खोटीच, पण पहिले खोटे गोड असल्यामुळे अधिक घातक.

आता माझे मित्र म्हणतात, "जुन्या गाडीला सेन्सर हवेत कशाला?" युक्तिवाद ठीक, पण तो करणाऱ्यांच्या गाडीत मोबाइल भरण्याची सोय असते, तिची तार मात्र खपते! दुसरे म्हणतात, "इतकी वर्षे काही झाले नाही." घाटात माझेही त्या क्षणापर्यंत काही झाले नव्हते. तिसरे म्हणतात, "मूळ रूप बिघडते." या तिसऱ्यांचे मला थोडे पटते. रंगीबेरंगी तारांचे जंजाळ पाहून माझाही जीव गुदमरतो. परंतु नीटनेटकेपणा वेगळा आणि लपवालपवी वेगळी.

हात बरा झाल्यावर दुसरी तार ओढली, ती मी शेजारी उभा राहून. ती मॅनिफोल्डपासून चांगली वीतभर दूर आहे. कारण साध्या तारेचे प्लॅस्टिक पाण्याच्या उकळबिंदूच्या आसपासच हार खाते आणि त्या बिडाची धग कित्येक शेकडा अंशांची असते. सेन्सरजवळ तिला सैल वळसा दिला आहे. पुढे ती जुन्या तारांच्या जुडग्याबरोबर, तशाच काळ्या वेष्टनात, मडगार्डच्या आतल्या बाजूने जाते. स्पार्क प्लगच्या तारांना ती समांतर धावत नाही, ओलांडायचे तेथे काटकोनात ओलांडते. कारण तिथले हजारो व्होल्ट शेजारच्या तारेत लुडबुड करतात. पेट्रोलच्या नळीला ती कोठेही बांधलेली नाही. पत्र्यातून आत शिरते तेथे रबरी कडे आहे, आणि काट्याच्या वीजपुरवठ्याला स्वतंत्र फ्यूज. आता बॉनेट उघडले की तार दिसते. दिसू दे! घरातील कर्ती बाई दिसते म्हणून घराची शोभा कमी होते काय?

दोष मिस्त्रीचा नाही. त्याने मला विचारले होते. दोष आपल्या हौसेचा आहे. क्रोम घासण्यात आपला रविवार जातो आणि तारेकडे पाहायला आपल्याला पाच मिनिटे नसतात.

पाडव्याला तुम्ही वाहनाला हार घालाल, गंधाक्षता वाहाल. जरूर वाहा. पण इंजिन गार असताना एकदा बॉनेट उघडा. किल्ली अर्धी फिरवा, सेन्सरवरील तार काढून तिचे टोक क्षणभर इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवा. काटा टोकाला गेला आणि तार उचलताच खाली आला, तर तार शाबूत समजा. नाही हलला, तर हार बाजूला ठेवून आधी वायरमनला बोलवा. पूजा थोडी उशिरा झाली तरी चालेल.