तिखट कुत्र्याचा शौक

नांदेडास व लातुरास अलीकडे जे बंगले उठले आहेत, त्यांपैकी बऱ्याचशांच्या फाटकावर घरधन्याच्या नावाच्या पाटीखाली दुसरी एक पाटी असते. पहिली पाटी घरात कोण राहतो ते सांगते. दुसरी येणाऱ्यास कुत्र्यापासून सावध राहावयास सांगते. आमचा अनुभव असा की, यजमानाचा अभिमान पहिलीपेक्षा दुसरीवरच अधिक असतो. चहा येण्यापूर्वीच कुत्र्याचे वर्णन सुरू होते. त्याचे वजन किती, त्याचे आईबाप कोणत्या देशचे, तो किती रुपयांस पडला, आणि शेवटी, साऱ्या प्रशस्तीचा सारांश म्हणून, "फार तिखट आहे हो!" या तिखटपणाविषयी आम्हांस चार कडू शब्द लिहावयाचे आहेत.

प्रथम हे कुत्रे कोण ते पाहू. कोणी कॉकेशस पर्वताकडचा केसाळ कुत्रा आणतो, कोणी तिबेटी, कोणी तुर्कस्तानचा कंगाल. ज्यास इतके परवडत नाही तो धनगराच्या वाड्यावरून एखादे दांडगे पिल्लू उचलून आणतो. देश निराळे, रूपे निराळी, परंतु या सर्वांचा पिढीजात धंदा एकच, तो म्हणजे मेंढरे राखणे. आमच्या सुशिक्षित बांधवांस कुत्रा म्हणजे कुत्रा इतकेच ठाऊक असते. वस्तुतः हाकणारा कुत्रा वेगळा, धावणारा वेगळा आणि राखणारा वेगळा. ज्यास आपण अल्सेशियन म्हणतो तो मूळचा हाकणारा. धन्याच्या हाताच्या खुणेकडे डोळे लावून बसणे हा त्याचा स्वभावच आहे. आपल्याकडचा करवानी धावणारा. ससा दृष्टीस पडला की त्यास जगाचे भान राहत नाही. लोहा तालुक्यातील माळेगावी खंडोबाच्या यात्रेत घोडे, गाढवे, उंट यांच्या बाजारातच कुत्र्यांचाही व्यवहार चालतो. तेथे शिडशिडीत करवानी विकत घेऊन "आता बंगल्याची काळजी मिटली" म्हणणारे गृहस्थ आम्ही पाहिले आहेत. बैल घेताना देवणी की लाल कंधारी याची चौकशी दहा वेळा करणारा मनुष्य कुत्रा घेताना मात्र त्याचा धंदा काय, हे एकदाही विचारीत नाही.

राखणारा कुत्रा कसा तयार होतो, हे पाहावयाचे असेल तर शहराबाहेर पडले पाहिजे. सुगी आटोपली की बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात धनगरांचे कळप शेतात खतासाठी बसविले जातात. रात्री वाघुरीचे जाळे ठोकून मेंढरे आत घेतात, आणि कुत्रा बाहेर पडून राहतो. त्याचा जन्मच या कळपाच्या कडेला झालेला असतो. डोळे उघडतात तेव्हा नाकाशी मेंढरांचा वास, कानाशी कोकरांचे ओरडणे. कोकराशी दांडगाई केली तर एखादा एडका त्यास ढुशी देऊन शहाणे करतो. उरलेले शहाणपण म्हातारा कुत्रा शिकवितो. धनगर त्यास 'बस', 'ऊठ' असले काही शिकवीत बसत नाही. तो त्यास संगत देतो, भाकरी देतो आणि आगळीक झाली तर खडसावतो. असा कुत्रा अंगाने वर्षभरात मोठा दिसला तरी अकलेने मोठा व्हावयास त्यास दोन वर्षे लागतात, आणि तोवर धनगर थांबतो.

आणि तयार झालेला कुत्रा करतो तरी काय? पाहणारास वाटेल, काहीच नाही. दिवसभर तो लोळत पडलेला दिसतो. लांडग्याची चाहूल लागली म्हणजे उठतो, भुंकतो, आणि कळप व लांडगा यांच्या मध्ये जाऊन उभा राहतो. बहुतेक वेळा एवढ्यावरच भागते. कारण लांडग्यास पोट भरावयाचे असते, पराक्रम गाजवावयाचा नसतो. चावा हे या कुत्र्याचे शेवटचे साधन आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने लांडग्यास पूर्ण अभय दिलेले आहे; तेव्हा धनगर आणि लांडगा या दोघांनाही एका माळावर जगू देणारा मध्यस्थ हाच प्राणी होय.

१९७०च्या दशकात अमेरिकेतील हॅम्पशायर कॉलेजात रेमंड कॉपिंजर व लॉर्ना कॉपिंजर या दांपत्याने युरोप व तुर्कस्तानातून असले कुत्रे नेऊन, मेंढपाळांकडे ठेवून, वर्षानुवर्षे त्यांचा अभ्यास केला. चांगल्या राखण्या कुत्र्याच्या अंगी त्यांनी तीन गुण सांगितले: कळपाकडे लक्ष, कळपाशी इमान आणि कळपाचे रक्षण. या यादीत तिखटपणा नाही, हे आमच्या बंगलेवाल्या मित्रांनी ध्यानी घ्यावे. त्याआधी १९६५ साली स्कॉट आणि फुलर या शास्त्रज्ञांनी दाखविले होते की, पिल्लाच्या वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा त्याच्या साऱ्या आयुष्याचा पाया असतो. या काळात ज्यांची संगत घडली ते त्याचे. ज्यांची घडली नाही ते परके.

आता हिशेब करा. कायद्याप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणजे पिल्लू घरी आल्यावर आपल्या हाती उरतात ते चार आठवडे. या चार आठवड्यांत आपण काय करतो? पहिले दोन दिवस छायाचित्रे काढतो. मग सतरंजी खराब झाली म्हणून त्याची रवानगी फाटकाशी होते व गळ्यात साखळी पडते. "माणसाळला तर राखण कशी करील?" या अजब तर्काने पाहुण्यांस त्याजवळ जाऊ देत नाहीत. कोणी त्यास अंधाऱ्या खोलीत कोंडतो, कोणी मिरची चारतो, कोणी काठी घेऊन येणारा शिक्षक महिन्याच्या बोलीने ठेवतो. ज्या नामदेवांनी भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धाव घेतली म्हणतात, त्यांचे नरसी गाव नांदेडपासून फार दूर नाही. आम्ही त्याच कुत्र्याच्या भाकरीत मिरची घालतो! अशा रीतीने वाढलेल्या जनावरास सारे जगच परके होते, आणि मग भयाने पिसाळलेल्या त्या जीवाच्या दात विचकण्यास आम्ही शौर्य समजतो.

परंतु आम्हांस सर्वांत अधिक बोचते ते पुढेच आहे. "आमचा कुत्रा माणूस ओळखतो, मोटारीतून येणाऱ्यास काही करीत नाही, फाटक्या माणसावर मात्र धावतो," हे वाक्य आम्ही चांगल्या शिकल्यासवरल्या तोंडून, तेही कौतुकाने, ऐकले आहे. कुत्र्यास वर्ण कळत नाही, उत्पन्नाचा दाखला वाचता येत नाही. मग हा विवेक त्यास कोणी शिकविला? टपालवाला आला की घरात कोणाच्या कपाळास आठी पडते, भाजीवालीशी कोणत्या स्वरात बोलले जाते, कामाची बाई फाटकाशी ताटकळली तरी कोणी हलत नाही, हे तो रोज पाहतो. दोरीच्या टोकाशी बांधलेला हा विद्यार्थी आमच्या वर्गातील कित्येकांपेक्षा अधिक लक्ष देणारा असतो. त्याने धडा उत्तम गिरविला, एवढाच त्याचा अपराध. आणि एके दिवशी वर्तमानपत्र टाकणाऱ्या पोराच्या पिंढरीचा लचका तुटला म्हणजे शिक्षा त्या पोरास होते, मग कुत्र्यास होते. रातोरात गाडीत घालून त्यास दूरच्या रस्त्यावर सोडून देतात. पाटी मात्र फाटकावर राहते, पुढच्या कुत्र्यासाठी.

यावर उत्तर येते, "चोऱ्या होतात, त्याचे काय?" होतात, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु साखळीस बांधलेला कुत्रा साखळीच्या लांबीइतकेच घर राखतो, हे चोरास कळते आणि घरधन्यास कळत नाही, हे नवल आहे. शिवाय जो दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकावर भुंकतो, त्याच्या रात्रीच्या भुंकण्याकडे शेजारी लक्ष देईनासे होतात, आणि पुढे घरचेही.

दुसरा आक्षेप असा की, हे कुत्रे हट्टी असतात, ऐकत नाहीत. खरे आहे, अल्सेशियनसारखे ते ऐकत नाहीत. मध्यरात्री धनी झोपला असता काय करावयाचे, हे ज्याने पिढ्यानुपिढ्या स्वतः ठरविले, तो प्रत्येक हाकेस शेपूट हलवीत येईल कसा? आमच्या थोरल्या बंधूंच्या अहमदपूरकडील शेतात उस्मानाबादी शेळ्या आहेत, आणि त्यांच्यात वाढलेला एक धनगरी कुत्राही आहे. 'ये' म्हटले असता तो प्रथम विचार करतो, बहुधा येतो. परंतु आमच्या वहिनींनी त्यास लहानपणी थोड्याच गोष्टी शिकविल्या त्या पक्क्या बसल्या आहेत. रोज त्याच्या तोंडात, कानांत, पंजांत बोट फिरविले, त्यामुळे आज पशुवैद्याने सुई टोचली तरी तो गुरगुरत नाही. ताटली भरताना हात मध्ये ठेवला, त्यामुळे खाताना जवळ गेलेल्या पोरास भय नाही; तरी पोरांस जेवत्या कुत्र्यापाशी जाऊ द्यावयाचे नाही हा नियम त्या पाळतातच. आणि पाहुणा आला म्हणजे वहिनी स्वतः बाहेर येऊन त्याच्याशी बोलतात. तोवर कुत्रा मध्ये उभा राहून भुंकतो. त्या बोलू लागल्या की बाजूला जाऊन बसतो, मात्र डोळा पाहुण्यावर ठेवून. गड्याशी आणि तलाठ्याशी त्या एकाच स्वरात बोलतात, म्हणून कुत्रा दोघांवर सारखाच भुंकतो आणि दोघांस सारखाच सोडतो. काठीच्या शिक्षकास हे साधले असते असे आम्हांस वाटत नाही. जाता जाता सांगतो: बढाई पुरुषाची असली तरी ज्या घरात कुत्रा धडपणे वागतो तेथे त्याचे शिक्षण बहुधा बायकांच्या हातून झालेले असते.

इकडे शौकिनांची ही तऱ्हा, तर तिकडे सरकारची दुसरी. १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने राज्यांस पत्र पाठवून २३ प्रकारचे कुत्रे हिंस्र म्हणून त्यांची विक्री व पैदास बंद करण्यास सांगितले. त्या यादीत कंगाल आहे, अकबाश आहे, शारप्लानिनाक आहे, कॉकेशसचा व मध्य आशियाचा मेंढपाळ कुत्राही आहे. कर्नाटकाच्या उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये, संबंधितांशी पुरेसा विचारविनिमय झाला नाही म्हणून, ते पत्र रद्द ठरविले. परंतु पत्रामागील समजूत रद्द झालेली नाही. चावे वाढले, काही जीव गेले, हे आम्ही हलके लेखीत नाही. तथापि शौकीन म्हणतो, "रक्तच तिखट आहे, म्हणून पाहिजे", खाते म्हणते, "रक्तच तिखट आहे, म्हणून नको." दोघांचा सिद्धांत एकच. नामिबियात चित्ता संवर्धनासाठी झटणाऱ्या संस्थेने १९९४ पासून शेळीपालकांस कंगाल व अनातोलियन जातीची पिल्ले दिली. शेळ्या सुरक्षित राहिल्या तेव्हा शेतकऱ्यांचे चित्त्यांस गोळ्या घालणे कमी झाले. त्याच नामिबियातून सप्टेंबर २०२२ मध्ये आठ चित्ते कुनोच्या जंगलात समारंभाने आले. चित्त्याचे स्वागत आणि त्यास जगविणाऱ्या कुत्र्यावर हिंस्रपणाचा शिक्का, अशी ही विद्वत्ता आहे. बंदी हवीच असेल तर ती जातीवर नव्हे, दोन हातांच्या साखळीवर घालावी.

त्यासाठी नवा कायदाही नको. प्राण्यांस क्रूरतेने वागविण्याविरुद्धच्या १९६० सालच्या कायद्यात, नेहमी साखळीस बांधलेल्या वा कोंडलेल्या कुत्र्यास पुरेसे हिंडविणे-फिरविणे न करणारा मालक अपराधी ठरविला आहे. हे कलम फाटकावरच्या पाट्यांनिशी वाचावयाचे म्हटले तर कित्येक वसाहतींत निम्मे सभ्य गृहस्थ आरोपी ठरतील.

हवापाण्याचाही विचार कोणी करीत नाही. कुत्र्यास घाम येतो तो तळपायांपुरता. बाकी सारी उष्णता तो धापा टाकून घालवितो. बर्फाळ प्रदेशासाठी विणलेली ती लोकर घेऊन तो मे महिन्यात नांदेडच्या फरशीवर पडतो तेव्हा त्याचे काय होत असेल? पन्नास किलोचा कुत्रा साध्या दिवशी अडीच-तीन लिटर पाणी पितो, उन्हाळ्यात अधिक. ज्या लातुरास एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, त्या लातुरास हे सांगावे लागू नये. वाढत्या पिल्लास 'हाडे मोठी व्हावीत' म्हणून कॅल्शियमच्या बाटल्या पाजणे हा आणखी एक अविचार. त्याने थोराड जातीची हाडे सुधारत नाहीत, बिघडतात. आणि जिन्याच्या तिसऱ्या मजल्यावर सदनिकेत राहणाऱ्याने हा कुत्रा ठेवूच नये, मग त्याचे मन कितीही मोठे असो. रात्री भुंकणे हे त्याचे व्यसन नव्हे, नोकरी आहे. ती शेजाऱ्यांनी का सोसावी?

ज्यास अंगण आहे, चार शेळ्या आहेत, निदान घरात दिवसभर माणसांचा वावर आहे आणि दोन वर्षे थांबण्याची तयारी आहे, त्याने हा कुत्रा अवश्य बाळगावा. खंडोबाच्या पायाशी ज्यास जागा मिळाली तो प्राणी आमच्या ओसरीस जड व्हावा असे नाही. माळेगावच्या बाजारात पिल्लू पाहताना त्याचे दात व पंजे पाहण्याआधी विकणारास इतके विचारावे: याची आई कोठे आहे, ती काय काम करते, आणि तिच्याजवळ आम्ही आता, या क्षणी, जाऊ शकतो काय? विकणारा तिसऱ्या प्रश्नास अडखळला, तर पैसे खिशात ठेवून पुढे चालू लागावे.